वाफसा येईपर्यंत

आजच्या संध्याकाळचा अर्धा तास या मननासाठी ठेवा. समोर एक वाटी, एक चमचा, पेलाभर पाणी, मऊ सुती फडकं, चहाचे दोन चमचे मुलतानी माती आणि शेवटी लावायला मॉइश्चरायझर एवढंच हवं. काष्ठौषधींच्या किंवा किराणा दुकानात शंभर ग्रॅमची साधी पुडी सहसा पन्नास रुपयांच्या आत मिळते आणि तेवढ्यात आठ-दहा लेप होतात. घेताना पुडीवर बनवणाऱ्याचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे ना, ते पाहा. लेप आयुष्यात पहिल्यांदाच लावणार असाल, तर आज फक्त कोपराच्या आतल्या बाजूला थोडी ओली माती लावून धुऊन टाका. दिवसभरात खाज किंवा लाली आली नाही, तर उद्या याच वेळी बसा.

बसलात? चेहरा अजून धुऊ नका. मान सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

आता मधलं बोट कपाळावर ठेवा आणि सावकाश खाली आणा. कपाळ, दोन भुवयांमधली जागा, नाकाचा शेंडा, हनुवटी. बोट कुठे घसरतं, कुठे अडखळतं, ते पाहा. मग गालावरून कानाकडे न्या. बहुतेकांना इथे फरक जाणवेल. मधला पट्टा ओशट, कडा कोरड्या. दिवसभर आपण एकच चेहरा घेऊन वावरतो असं वाटतं, पण बोटाला त्यात दोन-तीन वेगळे प्रदेश लागतात.

हा ओशटपणा तुमच्या शरीराने आज दिवसभरात तयार केला आहे. कपाळ आणि नाकाच्या त्वचेत दर चौरस सेंटिमीटरला शेकडो तैलग्रंथी असतात. त्यांतून स्रवणाऱ्या तेलात स्निग्ध पदार्थ असतात, मेणासारखे घटक असतात, स्क्वालिन नावाचं द्रव्य असतं. हे तेल त्वचेवर पसरतं, तिला लवचिक ठेवतं आणि आतलं पाणी सहजासहजी उडू देत नाही. ज्या हाताने तुम्ही चेहरा चाचपता आहात, त्याचा तळवा एकदा पाहा. तळव्याला तैलग्रंथी नाहीत. म्हणूनच वारंवार भांडी घासून, साबणाने धुऊन तळवे असे लवकर खरखरीत होतात.

इथे थोडं थांबा आणि मनात एक गोष्ट पक्की करा. चेहऱ्यावरचं तेल म्हणजे घाण नव्हे. धूळ, धूर, घाम आणि गळून पडायला आलेल्या मृत पेशी त्या तेलात अडकतात, त्यातलं जास्तीचं तेवढं आपल्याला काढायचं आहे. सगळं काढायचं नाही. पुढच्या अर्ध्या तासातली प्रत्येक कृती या एका विचारावर उभी आहे.

आता उठून चेहरा साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडा करा आणि परत या.

माती वाटीत घाला. चमचा उंच धरू नका, नाहीतर धूळ उडून नाकात जाईल. तिच्याकडे नुसतं बघा. फिकट, पिवळसर, पिठासारखी मऊ. चिमटीत धरून बोटांत चोळली तर खडा लागत नाही. खडा लागला, तर ती चेहऱ्यासाठी पुरेशी बारीक दळलेली नाही. वस्त्रगाळ करून घ्या.

नावात मुलतान आहे, आणि ते शहर आज पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. आपल्याकडे अशी माती राजस्थानात बाडमेर, बिकानेर, जैसलमेर या भागांत खणून काढतात. युरोपात लोकर धुणारे कारागीर शतकानुशतकं अशाच मातीने मेंढीच्या लोकरीतला चिकट स्निग्धांश काढत. साबण सर्रास मिळू लागण्याच्या कितीतरी आधी माणसाला हे कळलं होतं की काही माती तेल धरते.

ती तेल कसं धरते, ते समजून घेतलं की पुढची दहा मिनिटं डोळे मिटून बसणं सोपं जाईल. या मातीच्या कुळात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज मोठ्या प्रमाणात सापडतं. त्याचा कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ थर. सिलिकाचे दोन पदर आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनाचा एक, असा मिळून एक थर. त्याची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. म्हणजे मिलिमीटरभर उंचीत असे दहा लाख थर बसतील. या थरांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, आणि त्यांच्यामधल्या फटीत पाणी शिरलं की थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. सगळे थर उलगडून पसरले, तर एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचं क्षेत्रफळ सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं. तुमच्या वाटीतली माती शुद्ध खनिज नाही, तरी तिचा अंगभूत गुण हाच. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाला पाणीही चिकटतं, तेलही चिकटतं.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे खनिज अनोळखी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला, तो झिजून विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी माती झाली. त्या काळ्या जमिनीतही याच गटातली खनिजं भरपूर आहेत. म्हणून ती पावसात फुगते, पायाला चिकटून वर येते. आणि मे महिन्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाटीतल्या मातीचा रंग वेगळा, गाव वेगळं, पण स्वभाव तोच. हा स्वभाव लक्षात ठेवा. थोड्या वेळाने तो तुमच्या गालावर दिसणार आहे.

आता पाणी घाला. तीन चमचे, एकेक करून. लगेच ढवळू नका.

पाणी आत शिरताना माती आवाज न करता बुडबुडे सोडते आणि खाली बसते. चेहरा वाटीजवळ न्या, श्वास घ्या. पहिल्या पावसाचा वास येईल. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाचा उगम मांडला. कोरड्या दिवसांत माती आणि खडक हवेतली, वनस्पतींची तेलकट द्रव्यं धरून ठेवतात आणि ओलावा लागताच ती मोकळी होतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच वास चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत. म्हणजे माती तेल धरते हे तुमचं नाक फार पूर्वीपासून जाणतं. तीन श्वास तिथेच घ्या.

दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग ढवळा. लेप चमच्यावरून सावकाश घसरला पाहिजे. ओघळता कामा नये. तेलकट त्वचेला पाणी किंवा गुलाबपाणी पुरे. कोरड्या त्वचेसाठी पुढच्या वेळी पाण्याऐवजी दूध घ्या, किंवा आताच अर्धा चमचा मध घाला. मध ओलावा धरून ठेवतो. लिंबू पिळायचा मोह होईल, तो टाळा. त्वचेचा वरचा थर मुळात किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू पाचच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या जवळ येतो. हा फरक आकड्यांत तीनचा दिसला, तरी आम्लतेत तो हजारपट आहे. चुरचुर होते ती त्याचीच, आणि त्यावर ऊन लागलं तर डागही पडू शकतात. खाण्याचा सोडाही नको. तो दुसऱ्या टोकाला नेतो.

बोटांवर लेप घ्या. हनुवटीपासून सुरुवात करा, मग गाल, नाक, शेवटी कपाळ. दाब देऊ नका, नुसतं पसरवा. त्वचेचा रंग खालून दिसणार नाही इतका जाड हवा. पातळ लेप दोन मिनिटांत वाळतो आणि काही करायच्या आत ओढू लागतो. डोळ्यांभोवतीची जागा आणि ओठ सोडा. तिथली त्वचा फार नाजूक असते. ताजी जखम, दाढीचा काप, फुटलेली किंवा लाल सुजलेली पुटकुळी, इसब असेल त्या जागेलाही हात लावू नका. गाल कोरडे आणि कपाळ ओशट असेल, तर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर लावा. मघाशी बोटाने जो नकाशा पाहिला, तो आता कामाला येतो.

हात धुवा. मागे टेकून बसा. डोळे मिटा. बोलू नका, हसू नका.

पहिली जाणीव गारव्याची. पाणी चेहऱ्यावरून उडतं आहे, आणि उडणारा प्रत्येक ग्रॅम तुमच्या त्वचेतून आणि भोवतीच्या हवेतून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. उरुळी कांचनला महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ साली सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमात मातीच्या पट्ट्या ठेवतात. तिथे पट्टी ठेवून पडलेल्या माणसालाही आधी हाच गारवा भेटतो. तो कपाळावर शोधा. मग पापण्यांच्या खाली, जिथे लेप नाही तिथे. लेप असलेली आणि नसलेली जागा, दोन्हींमधली सीमा मनाने गिरवा.

श्वास आत. श्वास बाहेर.

दुसरी जाणीव जडपणाची. लेप आता त्वचेला टेकला आहे. मातीचे थर तेल धरू लागले आहेत. माती त्वचेच्या आत जात नाही, रक्त शुद्ध करत नाही, शरीरातली विषं ओढून काढत नाही. ती पृष्ठभागावरचं आणि रंध्रांच्या तोंडाशी आलेलं तेल उचलते, आणि सुटायला आलेल्या मृत पेशी सैल करते. तेवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. तिच्याकडून याहून जास्त मागू नका. नाकावरचे काळे ठिपके धुळीचे नसतात. रंध्राच्या तोंडाशी साचलेल्या तेलातली आणि पेशींमधली द्रव्यं हवा लागून काळवंडतात. मातीने ते फिके होतील, काही निघतील, काही राहतील. रंध्रं उघडत-मिटत नाहीत, त्यांना तसे स्नायूच नाहीत. ती रिकामी झाली की लहान दिसतात, एवढंच.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता एक प्रश्न मनात येऊ द्या. आपल्याला या चेहऱ्याचं काय करायचं आहे?

उत्तरात ‘उजळ’ हा शब्द आला, तर त्याच्यापाशी थोडं बसा. आपल्याकडे लग्न जमवताना, बाळ पाहायला आल्यावर, दुकानाच्या फळीवर तो शब्द वर्षानुवर्षं ऐकून अंगवळणी पडला आहे. त्वचेचा रंग मेलॅनिन ठरवतं. ते पेशींच्या आत असतं, आणि उन्हापासून पेशींचं रक्षण करणं हे त्याचं काम आहे. मातीचा लेप मेलॅनिनला हात लावत नाही, लावूही नये. तेलाचा आणि मृत पेशींचा थर निघाल्यावर चेहरा टवटवीत दिसतो, कारण प्रकाश सारखा परावर्तित होतो. रंग तुमचा तोच असतो. महाराष्ट्रातली नावाजलेली कसदार जमीन काळी आहे, आणि ती गोरी व्हावी असं कुणा शेतकऱ्याला कधी वाटलं नाही. तो तिची मशागत करतो, तिचा पोत राखतो, ओल राखतो. स्वच्छ आणि मऊ, एवढीच मागणी आज चेहऱ्याकडे करा. बाकीची मागणी श्वासाबरोबर बाहेर जाऊ द्या. ती दुसऱ्या कुणीतरी तुमच्यावर लादलेली होती.

पाच-सात मिनिटं झाली असतील. आता तिसरी जाणीव येईल, ओढीची. नाकाच्या शेंड्यावर किंवा वरच्या ओठाच्या कडेला लेप किंचित ताणतो आहे. इथे लक्ष एकवटा, कारण या साधनेतला कळीचा क्षण जवळ आला आहे.

पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच रानात शिरत नाही. चिखलात पेरणी होत नाही, आणि जमीन पार सुकली तरी बी उगवत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. ओल आहे पण चिकचिक नाही, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं तर सुटतो, ती वेळ. कॅलेंडर ती सांगत नाही, हात सांगतो. तुमच्या चेहऱ्यावरच्या लेपालाही असा वाफसा येतो. गालावर बोट टेकवा. माती बोटाला लागते पण ओली ओघळत नाही. कडांचा रंग फिका झाला आहे, मध्ये अजून गडद आहे. हीच वेळ. उन्हाळ्यात पंख्याखाली ती सात मिनिटांत येईल, पावसाळी हवेत पंधरा लागतील.

अनेक घरांत लेप पूर्ण वाळेपर्यंत, तडे जाईपर्यंत ठेवायची सवय असते. चेहरा जितका ताणला तितका गुण आला, असं वाटतं. पण मे महिन्यातल्या काळ्या रानाची आठवण करा. या कुळातली माती पाणी गेलं की आकसते. लेपातलं पाणी संपल्यावर त्वचेच्या वरच्या थराकडून जे मिळेल ते ती घेऊ लागते, आणि आकसताना त्वचेला बरोबर ओढते. ती लाली, ती कोरडी खपली, लेप काढल्यावर दिवसभर जाणवणारा तो ताण म्हणजे गुण नव्हे. लेपाचा फायदा वाफसा येईपर्यंतच मिळून गेलेला असतो. त्यानंतरचं सगळं नुकसान आहे.

डोळे उघडा आणि उठा. अजून बसावंसं वाटलं तरी उठा. वेळेवर उठणं हा या मननाचाच भाग आहे.

ओंजळीने पाणी घेऊन लेप आधी नुसता भिजवा. घासू नका. माती पुन्हा फुगेल, मऊ होईल, आपणहून सुटेल. मग ओल्या फडक्याने हलकेच पुसा. कढत पाणी नको, साबणही नको. लेप बादलीत किंवा घमेल्यात धुवा आणि ते पाणी कुंडीतल्या झाडांना घाला. बेसिनमध्ये साचून हीच माती नळी तुंबवते.

चेहरा टिपा, पण पूर्ण कोरडा करू नका. अंगावर ओल असतानाच तेलकट त्वचेला हलकं मॉइश्चरायझर लावा, कोरड्या त्वचेला थोडं दाट. हे टाळण्यासारखं काम नाही. मऊपणा निम्मा इथून येतो. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आठवा. पहाटे आधी अंगाला तेल जिरवतात, मगच उटणं लावतात. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, मसुराचं पीठ, अनेक घरांत मुलतानी मातीही, असं सगळं त्या उटण्यात असतं. तेल काढणारं लावण्याआधी ज्यांनी तेल दिलं, त्यांना त्वचेची गरज नेमकी कळली होती. घेतलं तर द्यायचंही, ही सवय आपल्याही बोटांत बसवा.

आता पुन्हा मधलं बोट कपाळावर ठेवून सावकाश खाली आणा. घसरण कमी झाली असेल. गालावर बारीक खरखर होती ती गेली असेल. आरशात थोडी लाली दिसली तर घाबरू नका. ती काही मिनिटांत उतरते. तासाभरानंतरही उतरली नाही, चुरचुर राहिली, तर ही माती तुमच्या त्वचेला मानवत नाही. तिला सोडून द्या. तेल उद्यापर्यंत पुन्हा येईल, येऊ द्या. ग्रंथी त्यांचं काम करत आहेत.

तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा लेप पुरतो. कोरड्या त्वचेला पंधरवड्यातून एकदा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तसे अधिक. तेव्हा एका लेपावरून निकाल लावू नका, आणि घाई करून रोजही लावू नका. दुखणाऱ्या गाठी, पू, खड्डे पाडणारी पुरळं असतील, तर तो मातीचा प्रांत नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि ही माती पोटात कधीही घेऊ नका. गरोदरपणात काहींना तिचा वास ओढून नेतो, पण मातीत शिशासारखे धातू असू शकतात आणि ते बाळापर्यंत पोचतात. अशी ओढ वारंवार होत असेल, तर रक्तातलं लोह तपासून घ्या.

पुढच्या खेपेला घड्याळ लावू नका. गालावर बोट टेकवून वाफसा ओळखा, तडे जायच्या आत धुवा, आणि धुतल्यावर लगेच ओलावा द्या. एवढं पाळलंत, तर मातीच्या लेपाकडून त्वचेला जे मिळू शकतं ते सगळं या स्वस्त पुडीतून मिळतं. त्यासाठी महागडा डबा घेण्याची गरज नाही.